दिवसाचा पहिला शब्द

जाग आल्यानंतरचा अर्धा तास शरीराच्या दृष्टीने मोठ्या गडबडीचा असतो. डोळे उघडले तरी मेंदूवरचा झोपेचा अंमल उतरायला साधारण पंधरा ते तीस मिनिटं जातात. त्याच वेळी मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींमधून कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त प्रमाणात रक्तात उतरू लागतं, आणि अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी दिवसातल्या सर्वांत वरच्या टोकाला जाते. अंथरुणातून उठून दिवसाला सामोरं जाण्याची ही शरीराची स्वाभाविक तयारी आहे. शरीर असं तयार होत असताना मनासमोर काय ठेवायचं, हे मात्र आपल्या हातात असतं. आज बहुतेकांच्या मनासमोर सगळ्यांत आधी येतो तो मोबाईलचा पडदा. रात्री उशिरा आलेला ऑफिसचा निरोप, कुठल्या तरी अपघाताची बातमी, कुणाच्या तरी सहलीचे फोटो. दिवसाचा पहिला शब्द आपण बोलण्याआधीच दुसरं कुणी तरी आपल्या मनात बोलून जातं.

सकाळची प्रार्थना किंवा ध्यान ही पहिला शब्द स्वतःकडे ठेवण्याची रीत आहे. ती जुनी आहे, सोपी आहे आणि तिला फार तर दहा मिनिटं लागतात. ती शरीरावर आणि मनावर कसं काम करते याबद्दल गेल्या काही दशकांत बरंच कळलं आहे. ते समजून घेतलं, तर साधना कशी बेतावी आणि कशी टिकवावी हेही आपोआप उमगत जातं.

पहाटेची मराठी वहिवाट

महाराष्ट्रातली पहाट पूर्वीपासून शब्दांनी आणि सुरांनी भरलेली आहे. पंढरपूरला विठ्ठलाच्या राउळात दिवस सुरू होतो तो काकड आरतीने. काकडा म्हणजे कापडाची पिळून केलेली वात. ती पेटवून देवाला जागवायचं, भूपाळ्या म्हणायच्या, मग आरती. गावोगावी कोजागिरीपासून कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर काकडा चालतो. थंडी पडू लागलेली असते, उजाडायला अजून अवकाश असतो आणि देवळात टाळ वाजू लागतो. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी आणि हातात चिपळ्या घेतलेला वासुदेव पहाटेच दारी येई. त्याचं गाणं ऐकत घर जागं होई.

बायांची प्रार्थना जात्यावर होती. गिरण्या येण्याआधी दिवसाचं पीठ पहाटे अंधारातच दळावं लागे. जात्याच्या घरघरीत ओवी सुरू होई ती देवाच्या नावाने, आणि मग आई-बाप, भाऊ, लेकरं, शेत, पाऊस असं सगळं तिच्यात येई. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढ्या मोठ्या संख्येने बायांनी रचलेलं आणि तोंडी जपलेलं हे गाणं कामातच होत होतं. त्यासाठी वेगळा वेळ कधी काढावा लागला नाही, कारण प्रार्थना आणि दळण एकाच श्वासात चालत होतं.

हीच वेळ इतर धर्मांनीही धरून ठेवली. फजरची नमाज पहाट फुटल्यापासून सूर्य उगवायच्या आत अदा करायची असते. वसईत आणि गोव्यात चर्चची घंटा सकाळच्या मिस्सेला बोलावते. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात अमृतवेळेपासून, म्हणजे भल्या पहाटेपासून, गुरूंच्या बाणीचा पाठ सुरू होतो. 1956 नंतर महाराष्ट्रातल्या लाखो बौद्ध घरांत त्रिशरण आणि पंचशील आलं. त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वंदनेसाठी ‘बौद्ध पूजापाठ’ ही पुस्तिका तयार केली. धम्म स्वीकारलेल्या माणसाला रोज म्हणायला शब्द हवेत, हे त्यांनी ओळखलं होतं.

श्रद्धा वेगवेगळ्या, देव वेगवेगळे, काहींत देवच नाही. तरीही या रीतींची घडण पाहिली तर ती सारखीच आहे. प्रत्येकीला ठरलेली वेळ आहे, शब्द पाठ आहेत, ते मोठ्याने म्हणायचे आहेत आणि शरीरालाही त्यात काम आहे. हात जोडणं, वाकणं, टाळ धरणं, मांडी घालून बसणं हे त्या साधनेचंच अंग आहे. इतक्या वेगळ्या लोकांनी आपापल्या वाटेने हेच घटक का निवडले असतील, याचं एक उत्तर श्वासाकडे आहे.

श्वासाचं गणित

2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीच्या लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लहानसा अभ्यास छापून आला. त्यांनी 23 निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक लॅटिन भाषेतली मरीयेची जपमाळेची प्रार्थना आणि दुसरा एक बौद्ध मंत्र. म्हणत असताना त्यांचा श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब नोंदवले गेले. दोन्ही वेळी एकच गोष्ट दिसली: श्वासाची गती मिनिटाला जवळपास सहावर आली. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. म्हणजे कुणी ‘श्वास हळू घ्या’ असं न सांगताही प्रार्थनेच्या शब्दांनी तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणला होता.

सहा या आकड्याला महत्त्व आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. हे घडवून आणणारा मुख्य मज्जातंतू म्हणजे व्हेगस. तो मेंदूच्या तळापासून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत उतरतो आणि शरीराला विश्रांतीच्या बाजूला झुकवतो. दुसरीकडे रक्तदाबातही एक स्वाभाविक लाट असते. ती साधारण दर दहा सेकंदांनी येते आणि जाते. श्वास मिनिटाला सहा झाला, की एक श्वास दहा सेकंदांचा होतो. मग श्वासाची लय आणि रक्तदाबाची लय एकमेकींत मिसळतात. अशा वेळी रक्तदाबातले चढउतार ओळखून हृदयाला आवर घालणारी शरीराची यंत्रणा अधिक तल्लखपणे काम करते. बेर्नार्दींच्या नोंदींत नेमकं हेच वाढलेलं दिसलं.

आता आपल्या पाठांकडे पाहू. थोरल्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. एकूण बावीस अक्षरं झाली, की थांबा. समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ 205 आहेत आणि ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक ओळ बारा अक्षरांची आणि ओळ संपली की श्वास घ्यायला जागा. शब्द ठाय लयीत म्हटले, तर सोडायचा श्वास आपोआप लांबतो, कारण आवाज निघतो तो श्वास सोडतानाच. घेतलेला श्वास मात्र छोटा आणि चटकन होतो. श्वास सोडण्याचा काळ लांबला, की हृदय मंदावण्याचाही काळ लांबतो. गाण्यात, पठणात, लांबवलेल्या ओंकारात हे सगळं न शिकवता घडतं.

उद्या सकाळी हे स्वतः तपासून पाहता येईल. पाठ असलेला एखादा अभंग, श्लोक किंवा वंदना नेहमीच्या घाईत म्हणा आणि मिनिटभरात किती श्वास घेतले ते मोजा. मग तेच शब्द दुपटीने सावकाश, प्रत्येक ओळ एका दमात म्हणा आणि पुन्हा मोजा. फरक बोटांवर मोजता येतो. प्रार्थना घाईने उरकू नये असं घरातली मोठी माणसं सांगत आली, त्यामागे भक्तिभाव होताच. शरीरालाही त्या सल्ल्याचा उपयोग होता.

श्वासाकडे नुसतं पाहणं

प्रार्थनेत श्वासावर शब्द असतो. ध्यानाच्या अनेक रीतींत शब्दही बाजूला ठेवतात आणि श्वासाकडे नुसतं पाहतात. विपश्यनेच्या परंपरेत या पहिल्या पायरीला आनापान म्हणतात. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात ही साधना शिकले. 1969 मध्ये ते भारतात आले आणि शिबिरं घेऊ लागले. 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे दिवस फक्त आनापानाला दिलेले असतात. नाकपुड्यांच्या दाराशी आत-बाहेर होणारा नैसर्गिक श्वास जसा आहे तसा जाणायचा. तो बदलायचा नाही, मोजायचा नाही. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांमध्ये ‘मित्र उपक्रमा’तून मुलांनाही हेच थोडा वेळ करायला शिकवलं जातं.

हे करायला बसलं की पहिला अनुभव सगळ्यांना सारखाच येतो. दोन-चार श्वास जाणवतात आणि मग मन कुठे निघून गेलं ते कळतही नाही. किराणा, हप्ता, काल कुणी तरी बोललेलं वाक्य. बरेच जण इथेच ठरवतात की आपल्याला ध्यान जमत नाही. खरं तर मन भटकणं ही माणसाच्या मेंदूची रोजची स्थिती आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2250 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, की आत्ता तुमचं मन हातातल्या कामात आहे का. जवळपास 47 टक्के वेळा उत्तर ‘नाही’ असं आलं. मन भटकलेलं असताना लोक कमी सुखी होते, असंही त्या नोंदींत दिसलं.

तेव्हा ध्यानात मन भटकलं म्हणजे काही बिघडलं असं नाही. ते भटकलं आहे हे लक्षात येणं आणि त्याला न रागावता परत आणणं, हाच या साधनेचा व्यायाम. दंड-बैठकांमध्ये जसा प्रत्येक वेळी खाली जाऊन वर येण्यात स्नायूंना जोर लागतो, तसाच इथे प्रत्येक परतण्यात लक्षाला जोर लागतो. दहा मिनिटांत मन वीस वेळा गेलं आणि वीस वेळा आणलं, तर ती बैठक चांगलीच झाली असं समजावं.

पाठ शब्दांची जागाही इथेच आहे. नवशिक्याला नुसत्या श्वासावर टिकणं अवघड जातं, कारण धरायला काहीच नसतं. नाम, मंत्र, अभंग हे हाताला धरायला दिलेले कठडे आहेत. ते पाठ असल्यामुळे आठवायला कष्ट पडत नाहीत, आणि कष्ट पडत नाहीत म्हणून मन त्यांच्यावर विसावू शकतं. झोपेचा अंमल अजून पुरता उतरलेला नसतो तेव्हा नवीन काही वाचून समजून घेणं जड जातं. पाठ असलेलं म्हणणं मात्र सहज जमतं. सकाळच्या साधनेत बहुतेक परंपरांनी पुस्तकापेक्षा पाठांतराला वरची जागा दिली, ती या वेळेला अगदी साजेशी आहे.

उपयोग किती, मर्यादा किती

या विषयावर बोलताना अतिशयोक्ती फार होते. ध्यानाने सगळे आजार बरे होतात असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नये. शास्त्रीय कसोटीचा हा आग्रह आपल्याकडेही जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक काढलं. आसनं आणि प्राणायाम करताना शरीरात काय होतं ते उपकरणांनी मोजायचं आणि छापायचं, हा त्यांचा बाणा होता. योगाबद्दल आदर असणाऱ्या माणसानेच त्याला प्रयोगशाळेत नेलं, ही गोष्ट मोलाची आहे.

आजच्या कसोटीवर काय उतरतं? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये ध्यानावरच्या 47 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत 3515 माणसं होती. सजगतेचं ध्यान काही आठवडे शिस्तीने केलं, तर चिंता, खिन्नता आणि दुखणं यांत थोडा ते मध्यम फरक पडतो, याला बऱ्यापैकी पुरावा मिळाला. व्यायाम, औषध किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरतं, असा पुरावा मात्र मिळाला नाही. याचा सरळ अर्थ असा, की ध्यानाने बरं वाटतं, आणि ते औषधोपचाराच्या जागी ठेवू नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती चालूच राहिली पाहिजे.

आणखी एक काळजी घ्यायला हवी. मनावर मोठा आघात झालेल्या किंवा गंभीर मानसिक आजारातून जाणाऱ्या माणसाला डोळे मिटून शांत बसणं कधी कधी जाचक होतं. दडपलेल्या आठवणी उसळून येतात, घाबरायला होतं. अशा वेळी नेट लावून बसू नये. डोळे उघडे ठेवावेत, मोठ्याने म्हणायची प्रार्थना किंवा सूर्यनमस्कारासारखी हालचाल निवडावी आणि डॉक्टरांशी बोलावं. साधना माणसासाठी आहे. ती त्याला सोसेल अशीच असावी.

मागणं कुणासाठी

श्वास आणि लक्ष यांवर सगळं थांबलं असतं, तर कुठलीही बावीस अक्षरं सावकाश म्हटली तरी चाललं असतं. प्रार्थनेत शब्दांना अर्थ असतो, आणि रोज सकाळी म्हटलेला अर्थ हळूहळू माणसाच्या अंगात मुरतो.

मराठी माणसाच्या ओळखीचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे पसायदान. 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा ज्ञानेश्वरांचं वय विशीच्या आत होतं. आळंदीच्या ब्राह्मणांनी ज्यांच्या कुटुंबाला वाळीत टाकलं त्या तरुणाने ग्रंथाच्या शेवटी जे मागितलं त्यात स्वतःसाठी काही नाही. दुष्टांचाही नाश त्यांनी मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि सर्व जीवांमध्ये मैत्र जुळावं, एवढं मागितलं. बौद्ध साधनेत ध्यान संपवताना मंगल मैत्री करतात, त्यातही आपल्यापासून सुरू करून सर्व प्राण्यांपर्यंत भलं चिंतण्याची रीत आहे. साने गुरुजींची शाळाशाळांतून म्हटली जाणारी प्रार्थनाही मुलांना जगावर प्रेम करायला सांगते.

आपण चिंतेत असतो तेव्हा मन आपल्याभोवतीच फेर धरतं. माझं काय होईल, मला काय म्हणाले, माझं कसं निभेल. दुसऱ्यासाठी मागितलेली दोन वाक्यं तो फेर मोडतात. आज ज्यांच्याशी आपला संबंध येणार आहे अशा एका-दोघांची नावं मनात घेऊन त्यांचं बरं चिंतलं, तर त्यांच्याशी दिवसात होणारं पहिलं बोलणं बदलतं. सासू-सुना, बाप-लेक, साहेब-कारकून अशा रोजच्या घासाघाशीच्या नात्यांमध्ये या गोष्टीची किंमत फार आहे. मनातल्या मनात का होईना, ज्या माणसाचं भलं आपण नुकतंच मागितलं, त्याच्यावर अर्ध्या तासाने ओरडणं तेवढं सोपं राहत नाही.

ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात पहाटे अंधारात होणाऱ्या प्रार्थनेत वेगवेगळ्या धर्मांचे पाठ असत. गांधीजींच्या आश्रमांतल्या प्रार्थना-भजनांच्या ‘आश्रम भजनावली’ या संग्रहाचं मोठं काम विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी केलं होतं. विनोबा पुढे आणखी एक पाऊल गेले. भूदानाच्या पदयात्रेत त्यांच्या सभांना सगळ्या धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारी माणसं येत. तिथे त्यांनी सामूहिक मौन प्रार्थना रुजवली. सगळ्यांनी काही मिनिटं एकत्र गप्प बसायचं आणि ज्याने त्याने आपापल्या मनातलं मनात घ्यायचं. घरात चार माणसांची चार मतं असतील, तर आजही हाच मार्ग सोयीचा आहे.

सवय लागते कशी

सकाळच्या साधनेबद्दल लोकांची खरी अडचण ज्ञानाची नसते. करावं असं सगळ्यांना वाटतं. गुढीपाडव्याला सुरू होतं आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर बारा आठवडे याचा अभ्यास केला. प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडली आणि ती रोज एका ठरलेल्या खुणेनंतर करायची असं ठरवलं, उदाहरणार्थ न्याहारीनंतर. ती गोष्ट विचार न करता आपोआप होऊ लागायला मधल्या माणसाला सुमारे 66 दिवस लागले. कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाला अंदाजे 254 लागतील असं दिसलं. यातून दोन दिलासे मिळतात. एक, तीन आठवड्यांत सवय लागली नाही म्हणून आपण कमी पडलो असं होत नाही. दुसरा, मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलं की झालं.

खुणेची युक्ती आपल्या घरांना नवी नाही. आंघोळ झाली की देवापुढे दिवा, दिव्यानंतर तुळशीला पाणी, मग चहा. एक काम पुढच्या कामाला आठवण करून देतं. ज्यांनी ही साखळी सोडली, त्यांनी नवी बांधावी. चहाचं आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत खिडकीपाशी उभं राहून श्लोक. दात घासून झाले की पलंगावर पाच मिनिटं श्वास. ‘वेळ मिळाला की बसेन’ असं ठरवलेली साधना कधीच होत नाही. ‘आंघोळीनंतर लगेच’ अशी ठरवलेली होते.

जागा लहान, घर गजबजलेलं, सकाळी लोकल गाठायची घाई, अशा अडचणी खऱ्या आहेत. यावर मुंबईच्या चाकरमान्यांनी स्वतःच तोड काढली. विरार, बदलापूर, कसाऱ्याकडून निघणाऱ्या सकाळच्या गाड्यांमध्ये भजनी मंडळं असतात. ठरलेला डबा, ठरलेली माणसं, कुणाकडे टाळ, कुणाकडे ढोलकी. गजर सुरू होतो आणि उभ्याने दाटीवाटीत माणसं टाळी धरतात. ज्यांना घरात बसायला कोपरा नाही त्यांनी रेल्वेच्या डब्यात देऊळ उभं केलं. सोबतीचा फायदाही इथे दिसतो. आज आपण गेलो नाही तर कुणीतरी उद्या विचारणार, ही जाणीव माणसाला नियमित ठेवते. रात्रपाळी करणाऱ्यांसाठीही हाच नियम: घड्याळात किती वाजले याला महत्त्व नाही. झोपून उठल्यानंतरची पहिली वेळ ही तुमची सकाळ.

दहा मिनिटांचा क्रम

नव्याने सुरू करणाऱ्याला एक साधा क्रम उपयोगी पडतो. आपल्या श्रद्धेप्रमाणे त्यात हवा तो बदल करावा.

मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा. गजरासाठी साधं घड्याळ पुरतं. उठल्यावर तोंड धुऊन पाणी प्यावं, म्हणजे झोप सरते. मग रोज एकाच जागी बसावं. जमिनीवर मांडी घालणं गुडघ्यांना झेपत नसेल तर खुर्ची घ्यावी, पाय जमिनीला टेकलेले आणि पाठ सैल पण सरळ असावी.

पहिली दोन मिनिटं नुसता श्वास जाणावा. त्याला लांबवू नये, फक्त येऊ-जाऊ द्यावं. पुढची चार मिनिटं पाठ असलेलं काही मोठ्याने आणि सावकाश म्हणावं. अभंग, श्लोक, त्रिशरण, स्तोत्र, आपल्या धर्मातली कुठलीही प्रार्थना चालेल. काहीच पाठ नसेल, तर या आठवड्यात एक कडवं पाठ करावं. पुढच्या आठवड्यात दुसरं. त्यानंतर दोन मिनिटं गप्प बसावं. शब्द थांबल्यावर उरलेल्या शांततेत मन काही काळ आपोआप टिकतं, त्याचा लाभ घ्यावा. शेवटच्या दोन मिनिटांत दोन गोष्टी कराव्यात. आज भेटणाऱ्या कुणाचं तरी भलं चिंतावं, आणि आज नक्की करायचं एक काम मनात ठरवावं.

लहान मुलं घरात असतील तर त्यांना बळेच बसवू नये. आईबाप रोज त्याच जागी बसलेले दिसले, की मूल स्वतः येऊन मांडीवर बसतं आणि ऐकता ऐकता शब्द उचलतं. आजी-आजोबा असतील तर मोठ्याने म्हणायचं काम त्यांच्याकडे द्यावं. त्यांच्याकडचे शब्द पुढच्या पिढीकडे जायला याहून सोपा रस्ता नाही.

प्रार्थनेनंतरचं काम

क्रमातली शेवटची पायरी, म्हणजे एक काम ठरवणं, सर्वांत महत्त्वाची आहे. ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या रीतीत ठळकपणे दिसते. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला 1909 मध्ये जन्मलेल्या या संताने 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. 1955 मध्ये लिहून झालेल्या ‘ग्रामगीते’त सामुदायिक प्रार्थनेला त्यांनी स्वतंत्र अध्याय दिला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांमध्ये सकाळी सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असा नेम आहे. विदर्भातल्या कित्येक गावांत तो पिढ्यान् पिढ्या चालत आला. गावातले लहानथोर, सगळ्या जातींचे लोक एका रांगेत बसतात. या ध्यानाला जोडूनच रामधून आणि ग्रामसफाई येते. ध्यान करून उठलेल्या माणसाने हातात झाडू घ्यावा आणि गावाचा रस्ता स्वच्छ करावा, इतकं सरळ त्यांचं सांगणं होतं.

सकाळच्या साधनेचा कस इथेच लागतो. ध्यानात किती शांत वाटलं याची नोंद ठेवण्यात फारसा अर्थ नाही. काही दिवस शांत वाटेल, काही दिवस वाटणार नाही. तीन महिन्यांनी स्वतःला वेगळे प्रश्न विचारावेत. सकाळी घरातल्या माणसांशी माझा आवाज खाली आला का? ठरवलेलं एक काम मी बहुतेक दिवस केलं का? वाईट बातमी ऐकल्यावर उत्तर देण्याआधी मला एक श्वास घेता आला का? उत्तरं ‘हो’कडे झुकत असतील तर साधना लागू पडते आहे, आणि ती तशीच चालू ठेवावी. झुकत नसतील तर मिनिटं वाढवायच्या आधी साधनेनंतरचं काम बदलून पाहावं: घरातल्या कुणाला चहा करून द्यावा, जिन्यातला कचरा उचलावा, बरेच दिवस राहिलेला एक फोन करावा. सकाळी म्हटलेले शब्द दिवसाच्या पहिल्या कृतीत उतरू लागले, की प्रार्थना आणि दिवस हे दोन वेगळे राहत नाहीत.

सुरुवात लहान ठेवा. आज रात्री जागा आणि शब्द ठरवा, आणि उद्यापासून पाच मिनिटं बसा.